कलेक्टर मागे सरत नाही

सहादेवचा घोडा मोठा हुशार होता. कधी लंगडायचं ते त्याला बरोबर कळायचं. एरवी तो पांढरा बादशाह पाथर्डी तालुक्यातल्या निम्म्या वराती मिरवायचा, हलगीवर नाचायचा. पण धामणटाकळीच्या बौद्धवस्तीतलं कुणी लग्नासाठी घोडा सांगायला सहादेवच्या दारात उभं राहिलं, की नेमका आदल्या दिवशी त्याचा पाय मुरगाळलेला असायचा. "काय सांगू गड्या," सहादेव हळहळायचा, "कालच ठेचाळलाय. न्हाईतर तुमाला न्हाई म्हनलं असतं व्हय?" असं वर्षानुवर्षं चाललं. वस्तीनं त्या घोड्याचं नाव लंगडा बादशाह ठेवलं आणि आपले नवरदेव जीपमध्ये बसवले.

कलाबाईचा नवरा कचरू मात्र जीपवर भागवणाऱ्यातला नव्हता. धाकट्या भावाच्या लग्नाला घोडा सांगायला तो गेला, मुरगाळलेला पाय बघून आला आणि घरात पाणीसुद्धा न पिता येवल्याच्या घोडेबाजाराला निघाला. नवरा-बायकोनं उसाच्या फडात कोयता चालवून जे काही गाठीला बांधलं होतं ते घेऊन गेला, आणि येताना कपाळावर चांदणी असलेली एक तांबडी घोडी घेऊन आला. कलाबाईनं आधी त्याच्याशी कडाकडा भांडून घेतलं, मग घोडीला पाणी दाखवलं. कचरूनं घोडीचं नाव कलेक्टर ठेवलं. "कलेक्टर आला की गाव रस्ता सोडतं का न्हाई?" तो म्हणाला. "मग हिलाबी सोडंल."

गावानं रस्ता सोडला नाही. वस्तीकडून शाळेच्या पटांगणात, म्हणजे मांडवाकडे जायला धड रस्ता एकच, मारुतीच्या पारासमोरून. भावाच्या वरातीला त्या रस्त्यात सहादेवचा ट्रॅक्टर आडवा उभा होता आणि पारावर माणसं पाय सोडून मजा बघत बसली होती. "बंद पडलाय," सहादेव म्हणाला. "घोडी मागं घ्या अन् ओढ्याकडनं जा." ओढ्याची वाट म्हणजे गावाची हागणदारी. कचरू लगाम धरून नुसता उभा राहिला. घोडीवर नवरदेव, हलगी गप्प, डोक्यावर वैशाखाचं ऊन. ऊन उतरलं तरी तो उभाच. शेवटी पोलीस पाटील आला आणि त्यानं सहादेवला बाजूला नेऊन काहीतरी समजावलं. बंद पडलेला ट्रॅक्टर पहिल्याच किल्लीला सुरू झाला.

त्या दिवसापासून कचरूनं नियम केला. नवरदेव वर असो नसो, कलेक्टर मागे सरणार नाही. एक पाऊलसुद्धा नाही. वरातीची घोडी मागे घेणं तसंही कुणी शुभ मानत नाही, पण कचरूला शुभ-अशुभाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यानं गोठ्याला दोन दारं केली. घोडी एका दारानं आत जायची, दुसऱ्यानं बाहेर पडायची. टेम्पोत चढवली तर आतल्या आत वळवून तोंड पुढे करूनच उतरवायचा. मागे कसं यायचं ते तिला कुणी कधी सांगितलंच नाही. लोक हसायचे. कचरू म्हणायचा, "तिला माहीतच न्हाई तर कोन तिला मागं नेईल?"

तीन वर्षांपूर्वी काविळीनं कचरू गेला. त्या उन्हाळ्यात कलाबाईनं त्याची निळी शाल कमरेला बांधली आणि लगाम स्वतः हातात घेतला. नवऱ्यामागे राहिलेली बाई वरातीच्या पुढे चालते म्हणून गावात कुजबुज झाली. ती कुजबुज करणाऱ्या बाईच्या दारात जाऊन कलाबाईनं असं काही ऐकवलं, की पुढे कुजबुजसुद्धा तिच्या माघारीच व्हायला लागली. कलाबाईला राग पटकन यायचा आणि आलेला राग जायचं नाव घ्यायचा नाही. नडगीवर कोयत्याचा जुना वण, आवाज फुटक्या हलगीसारखा, आणि जिभेला हाड नाही. पण घोडीशी बोलताना मात्र तोच आवाज खाली यायचा.

सहादेवनं आता ट्रॅक्टर वापरायचं सोडलं होतं. तो तोंड वापरायला लागला. शेजारच्या गावात एका वरातीत कुणीतरी कलेक्टरच्या पोटाखाली फटाक्यांची माळ टाकली. घोडीनं मागचा पाय झाडला आणि एका हलगीचं कातडं फाटलं. झालं इतकंच. पण ती गोष्ट सहादेवच्या तोंडून निघाली तेव्हा हलगीवाल्याचा हात मोडला होता, तिसगावात पोचली तेव्हा त्याच्या बरगड्या गेल्या होत्या, आणि जामखेडपर्यंत गेली तेव्हा एक पोर दवाखान्यात होतं. "लाथाळ घोडी हाय," सहादेव छातीला हात लावून सांगायचा. "माझं काय जातंय? पन एखाद्याच्या लग्नात मयत नगं."

पुढच्या उन्हाळ्यात कलेक्टरला कुणी बोलावलं नाही. परगावचे सोडा, वस्तीतले लोकही नजर चुकवून जीप सजवायला लागले. कलाबाईला दिसत होतं ते साधं होतं. आणखी एक उन्हाळा असा गेला, तर घोडीला पोसणं होणार नाही, तिला येवल्याच्या बाजारात उभं करावं लागेल. आणि एकदा कलेक्टर गेली, की पारासमोरून वस्तीचा नवरदेव घोड्यावरून पुन्हा जायचा नाही. सहादेवला तेच हवं होतं. कलाबाईला रात्री-अपरात्री नाही, भर दुपारी भाकरी थापताना त्याचा राग यायचा आणि भाकरी फाटायची.

तोड काढली ती तिच्या मुलीनं. प्रज्ञा पाथर्डीच्या कॉलेजात शिकत होती आणि बापाच्या हाताखाली घोडीवर बसायला शिकली होती. तिनं मोबाईलवर दाखवलं. नगरजवळच्या माळावर घोडेवाल्यांच्या एका मंडळानं अडथळ्यांची स्पर्धा भरवली होती. पळायचं नव्हतं. घोडं आणि स्वार या जोडीनं आखलेल्या वाटेनं चालायचं. वाटेत फळ्यांचा पूल, फडफडणारी ताडपत्री, लोंबत्या पट्ट्या, पाण्याचा खड्डा, घोड्यावरूनच उघडायचं फाटक. न बुजता, न मारता जे पार करतील त्यांना गुण.

"लाथाळ घोडी हे करूच शकत न्हाई आई," प्रज्ञा म्हणाली. "समद्या घोडेवाल्यांच्या देखत कलेक्टर चालली, की सहादेव आण्णांचं तोंड बंद."

"त्याचं तोंड मयताशिवाय बंद व्हायचं न्हाई," कलाबाई म्हणाली. पण तिनं होकार दिला.

तयारी वस्तीमागच्या माळावर झाली. जुनी दारं, कांद्याच्या गोण्या, मांडवाच्या झालरी, जे मिळेल ते प्रज्ञानं मांडलं. कलेक्टरला त्यात नवीन काही नव्हतं. झालरीखालून ती जन्मभर गेलेली, तुंबलेल्या गटारांतून चाललेली. कलाबाई दगडावर बसून बघायची आणि मुलीच्या चुका काढायची. एकच गोष्ट तिला खटकली. गोठ्याचं मागचं दार हल्ली साखळी लावून बंद असायचं.

"कुत्री शिरत्यात," प्रज्ञा म्हणाली. ते कलाबाईला पटलं.

स्पर्धेच्या दिवशी माळावर ही गर्दी. सहादेवही आला होता, बादशाहला घेऊन. त्याचा पुतण्या राम वर बसणार होता. कलाबाईला बघून सहादेव शेजारच्याला मोठ्यानं म्हणाला, "जरा मागं उभं ऱ्हा पाव्हनं, ती तांबडी लाथ मारती." कलाबाईनं त्याच्या पायापाशी थुंकून घेतलं आणि दोरीपाशी जाऊन उभी राहिली.

बादशाह आधी गेला. पुलावर तो चढला, पण ताडपत्री फडफडली तसा चारी पाय रोवून थांबला. रामनं टाच मारली, मग आणखी मारली. घोडा मागच्या पायांवर उभा राहिला आणि राम मातीत बसला. लोक हसले. कलाबाई सगळ्यांत मोठ्यानं आणि सगळ्यांत उशिरापर्यंत हसली.

मग कलेक्टर. पूल ती अशी ओलांडून गेली, जसा काही तो रोजचाच होता. ताडपत्रीवर पाय देऊन थांबली, लाऊडस्पीकरवर गाणं लागलं होतं त्यावर दोन ठेके नाचली आणि पुढे निघाली. माळ खूश झाला. फाटक उघडलं, पाणी ओलांडलं. कलाबाईचा ऊर भरून आला. कचरू हे बघायला नाही म्हणून तिला रडू आलं आणि रडू आलं म्हणून पुन्हा राग आला.

शेवटी जमिनीवर दोन लांब बांबू अंतर ठेवून मांडले होते. प्रज्ञा खाली उतरली. परीक्षकानं कर्ण्यातून सांगितलं, स्वारानं समोर उभं राहून, लगाम न ओढता, घोडं बांबूंमधून मागे न्यायचं. हे कलाबाई पहिल्यांदाच ऐकत होती. प्रज्ञानं घरी बाकी सगळं सांगितलं होतं, एवढं सोडून. कलाबाई निर्धास्त होती. हे कलेक्टरला येत नाही. नंबर गेला तर गेला, लाथाळ नाही एवढं तर सगळ्यांनी पाहिलंच.

प्रज्ञानं घोडीच्या छातीवर तळहात ठेवून दोनदा थोपटलं आणि म्हणाली, "सर." कलेक्टर मागे सरली. सरळ, शांत, कान पुढे करून, बांबूला खूर न लावता ती थेट शेवटपर्यंत मागे गेली. टाळ्यांचा कडकडाट झाला. कचरू गेला त्या दिवशीही कलाबाईला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

पहिला नंबर आला. ढाल घेऊन प्रज्ञा धावत आली, तेवढ्यात सहादेव मध्ये आला. त्याचा चेहरा पडलेला होता, पण डोळे चमकत होते. "अभिनंदन कलाबाई," तो म्हणाला. "कचरू म्हनायचा, घोडी मागं सरत न्हाई. आज लई झकास सरली की. छातीवर थोपटायचं अन् सर म्हनायचं, व्हय ना?"

टेम्पोत मायलेकींचं जे जुंपलं ते ड्रायव्हरनं आरसा वळवून ऐकलं.

"तुझ्या बापानं दोन दारं केली अन् तू एक बंद करून तिला मागं सरायला लावलंस!"

"आई, मागं येनं म्हंजी हार न्हाई. अडचनीत घोडी अडकली तर?"

"अडकली तर उभी ऱ्हाईल! तुझा बाप उभा ऱ्हायला न्हवता?"

"त्याशिवाय नंबर आला नसता."

"घाल चुलीत नंबर," कलाबाई म्हणाली आणि त्यानंतर मुलीशी एक शब्द बोलली नाही. काही सांगायचंच असलं तर घोडीला सांगायची. "कलेक्टर, हिला म्हनावं, भाकरी झाकून ठिवलीया." घोडी कान हलवायची आणि प्रज्ञा भाकरी खायची. ढाल माळ्यावर पालथी पडली होती. गोठ्याचं मागचं दार कलाबाईनं स्वतः साखळी तोडून उघडलं, पण शिकलेलं घोडीच्या डोक्यातून कसं काढायचं ते तिला माहीत नव्हतं.

स्पर्धेतला कलेक्टरचा व्हिडिओ मात्र गावोगावच्या मोबाईलवर फिरला. उन्हाळा तोंडावर आला तसे लोक पुन्हा दारात यायला लागले. वस्तीतून पहिला आला नितीन, कलाबाईच्या चुलत दिराचा मुलगा. "काकू, मला कलेक्टरच पायजे," तो म्हणाला. कलाबाईनं जीपवाल्या सगळ्यांच्या नावानं आधी शिव्या घातल्या, मग हो म्हणाली.

वरात दिवस मावळायच्या आत निघाली. नितीन पांढऱ्या कपड्यांत घोडीवर, पुढे हलगी, मागे बायका-पोरं, आणि लगामाला कलाबाई. प्रज्ञा दोन हात अंतर ठेवून चालत होती. अजून बोलणं नव्हतंच. पारावर माणसं बसली होती. ट्रॅक्टर नव्हता, आडवं काही नव्हतं. कलाबाईला उगाच बरं वाटलं.

मग पारावरून सहादेव उतरला. हातात झेंडूचा हार. वाटेच्या मधोमध उभा राहून तो मोठ्यानं म्हणाला, "गावाचं नाव काढलंय घोडीनं. सत्कार नगं का करायला?" कलाबाईला कळेना काय करावं. हार घेऊन आलेल्या माणसाला काय म्हणायचं? सहादेवनं घोडीच्या गळ्यात हार घातला, तळहात तिच्या छातीवर ठेवला, दोनदा थोपटलं आणि ओठातल्या ओठात म्हणाला, "सर."

कलेक्टर मागे सरली. नवरदेवाला घेऊन, स्पर्धेत सरली होती तितकीच सरळ आणि शांत. मागच्या बायका ओरडून पांगल्या. हलगी थांबली. नितीननं घोडीची आयाळ घट्ट धरली. सहादेव तिच्याबरोबर पुढे येत होता, हात छातीवर तसाच. "अगं बया," तो म्हणाला, "ही तर मागंच निघाली! म्या तर शाबासकी दिली हुती." पार खदाखदा हसला. "आता ओढ्याकडनंच न्या," कुणीतरी वरून म्हणालं.

वस्तीतली तरणी पोरं मुठी आवळून पुढे झाली. कलाबाईचाही हात उठला होता. तेवढ्यात तिला सहादेवचा चेहरा दिसला. तो वाट बघत होता. एक थप्पड पडली, की त्याचं काम झालं असतं. मग मारामारी, मग पोलीस, मग वरात इथंच मोडली असती आणि हार घालणारा माणूस बिचारा ठरला असता. तिनं उठलेला हात खाली घेतला. तो आडवा धरून तिनं प्रज्ञाला आणि पोरांना मागे केलं, सहादेवचा हात घोडीच्या छातीवरून झटकला आणि लगाम ओढून घोडीचं तोंड वस्तीकडे फिरवलं.

"काकू, माघारी?" नितीनचा आवाज रडवेला झाला.

"गप बस. अन् मान वर धर."

"बाई शहानी हाय," पारावरून आलं. कलेक्टर पुरती फिरली. तिची शेपूट आता पाराकडे होती आणि तोंड वरातीकडे. कलाबाई तिच्यासमोर उभी राहिली. तिनं तळहात घोडीच्या छातीवर ठेवला. हे तिनं जन्मात केलेलं नव्हतं. दोनदा थोपटलं. "सर, माझे बाय," ती म्हणाली.

घोडी मागे सरली. मागे म्हणजे पाराकडे. तिचा तो भरभक्कम पुठ्ठा आणि मागचे दोन पाय सरळ सहादेवच्या अंगावर चालून निघाले. सहादेव आधी हसतच होता. मग शेपूट एकदा सपकन् हलली आणि तो एक पाऊल मागे गेला.

"आण्णा, जरा लांब व्हा," कलाबाई फुटक्या आवाजात ओरडली. "लाथ मारती ती! तुमीच तर सांगितलंय साऱ्या तालुक्याला!"

पारावर लोंबणारे पाय एकेक करून वर गेले. सहादेवनं ही गोष्ट इतक्यांदा सांगितली होती, की गावात ती सगळ्यांत जास्त त्यालाच खरी वाटत असावी. तो हात पुढे करून मागे मागे चालू लागला. त्याची नजर खुरांवरून हलत नव्हती. घोडी एक पाऊल घ्यायची, तो दोन घ्यायचा. पाराच्या कट्ट्याला पाठ लागली तेव्हा तो गुडघ्यावर धोतर घेऊन धडपडत वर चढला, आणि वर आधीच बसलेल्यांनी त्याला जागा करून दिली.

हलगीवाल्यानं कडाडून काठी मारली. प्रज्ञा धावत घोडीच्या मागच्या अंगाला गेली आणि मांडवाकडचा रस्ता बघून सांगू लागली, "आई, थोडं डावीकडं... बास, आता सरळ." नितीन सगळ्या वरातीकडे तोंड करून घोडीवर बसला होता. आजवरच्या कुठल्याच नवरदेवाला आपली वरात अशी समोरून दिसली नव्हती. त्याची आई हसता हसता रडत होती. भीती जाऊन त्याच्या तोंडावरही हसू आलं आणि त्यानं हात जोडून पारावरच्यांना जयभीम घातला. त्यांची नजर अजून घोडीच्या खुरांवरच होती.

कलाबाई घोडीच्या छातीवर थोपटत चालत होती. कचरू असता तर म्हणाला असता, घोडी मागे गेली, नियम मोडला. तिनं त्याला ऐकवलं असतं, की घोडी कुठंबी जाऊ दे, वरात कुठं गेली ते बघ. मग दोघं कडाकडा भांडले असते.

पार मागे पडला. शाळेच्या रस्त्याला लागल्यावर कलाबाईनं घोडीचं तोंड पुढे केलं, तिच्या गळ्यातला झेंडूचा हार काढला आणि तिलाच खायला दिला. प्रज्ञा येऊन शेजारून चालू लागली.

"कलेक्टर," कलाबाई घोडीला म्हणाली, आणि मग थांबून मुलीकडे वळली. "प्रज्ञे, हिला मागं येताना वळायला येत न्हाई अजून. तेवढं शिकव. पुढल्या लग्नाला सोसायटीच्या गोदामापाशी वळन हाय."